सासरे सिनेमात कसे सापडले

माझ्या सासऱ्यांनी सिनेमात काम केलं आहे, हे मला साखरपुड्याच्या पंगतीतच कळलं. सांगितलं त्यांनी स्वतःच. माझ्या पानात बुंदी वाढता वाढता ते थांबले आणि म्हणाले, "जवाईबापू, मी सिनेमात आहो. मेळ्याचा सीन आहे, त्याच्यात कोस्याचा सदरा घालून उभा आहो." मी कौतुकाने मान वर केली, तर पंगतीतल्या बाकी सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. ही गोष्ट या घरात फार जुनी आहे, एवढं मला त्यावरून समजलं.

पुढे बायकोने सविस्तर सांगितलं. तिचे वडील लग्नाआधी काही दिवस बालाघाटकडे त्यांच्या मोठ्या बहिणीच्या गावी गेले होते. तिथे एका रंगीत सिनेमाचं शूटिंग आलं. मेळा भरल्याचं दृश्य होतं आणि गर्दी हवी होती. गावातल्या लोकांना पुरी-भाजी देऊन दिवसभर उभं केलं, त्यात हेही कोस्याचा, म्हणजे जंगली रेशमाचा, सदरा घालून उभे राहिले. बायकोने लहानपणी शाळेत मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "माझे बाबा सिनेमात आहेत." मैत्रिणींनी विचारलं, "कशाचं काम केलं?" ही म्हणाली, "गर्दीचं." त्यानंतर तिने हा विषय शाळेत काढला नाही.

तसं पाहिलं तर सासऱ्यांना पुरावा द्यायची संधी अनेकदा आली होती. सिनेमा गोंदियाला लागला तेव्हा ते आपल्या गावाहून, केशोरीहून, एका मित्राला मुद्दाम घेऊन गेले. मेळा आला, ते "पाय, पाय", म्हणजे बघ, बघ, म्हणून ओरडले, आणि मित्र नेमका त्या वेळी खुर्चीखाली वाकून आपली चप्पल शोधत होता. नंतर गावात पहिला टीव्ही आला, तो काळा-पांढरा. त्यात सगळा मेळाच राखेत लोळून आल्यासारखा. मग रंगीत टीव्ही आला, केबल आलं. सिनेमा एकदा लागलाही, पण मेळा सुरू झाला आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा हिरो तुरुंगात होता.

तर यंदा दिवाळीत माझ्या साळ्याने गोंदियाहून मोठा टीव्ही आणला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला लेक-जावयाला बोलावणं असतंच. आम्ही दोघं केशोरीला पोचलो तेव्हा टीव्ही समोरच्या खोलीत टेबलावर बसला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात चिकटवलेला झगमगीत कागद अजून कोणी काढला नव्हता. सासूबाई खाली चटईवर लाल मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत होत्या. मी पाय धुऊन बसतो न बसतो, तोच सासऱ्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "बाई, तुह्या फोनात तो सिनेमा निघते का?"

निघाला. कोणीतरी जुनी रिळं धुऊनपुसून सिनेमा नेटवर टाकला होता. चांगला स्वच्छ होता. साळ्याने फोन टीव्हीला जोडला. सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. चहा आला आणि तसाच राहिला.

पहिल्या दृश्यात शेत होतं. सासऱ्यांनी डोळे बारीक केले. आयुष्यभर त्यांनी धान लावला आहे, त्यामुळे पडद्यावर शेत आलं की ते हिरोकडे बघत नाहीत.

"या धानाले युरिया जास्त झाला," ते म्हणाले.

खरंच, ते हिरवं धानाच्या कोणत्याही बांधीत उगवणारं हिरवं नव्हतं. प्लास्टिकच्या तोरणाला असतं तसं होतं. मग हिरोईन आली. तिच्या गालांवर गुलाल फासल्यासारखा दिसत होता, आणि हात मात्र नारिंगी. सासूबाईंनी मिरच्यांवरून नजर उचलली. "इले उष्णता झाली बापा," त्या म्हणाल्या. हिरो चालत आला तर तो इतका सुळसुळीत चालत होता, की सिनेमा बघतोय असं वाटेना. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाची कॅसेट वाटते."

शेवटी मेळा आला. आकाशपाळणा, बांगड्यांची दुकानं, पाळण्यात हिरोईन. "थांबव!" सासरे ओरडले. साळ्याने चित्र थांबवलं. आम्ही सगळे टीव्हीपाशी गेलो. आणि बघतो तर काय, अख्खा मेळा नारिंगी. कोणाचा फेटा भगवा, कोणाचा पिवळा, कोणाचा सदरा कसला, काही वेगळं निघेना. चेहरे तर तूप चोपडल्यासारखे. नाक होतं, पण कोणाचं ते सांगता येत नव्हतं.

"यात कोसा कोनता?" साळ्याने विचारलं.

सासऱ्यांनी एका माणसावर बोट ठेवलं. मग जरा थांबून दुसऱ्यावर ठेवलं. मग बोट मागे घेतलं आणि खुर्चीत येऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चित्र थांबवता येत होतं, आणि आता त्यांचे त्यांनाच ते सापडत नव्हते. मला त्यांचं वाईट वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, तुमचं तं रंगाचंच दुकान आहे. करा न काई."

गोंदियात माझं पेंटचं दुकान आहे, हे खरं. पण डिस्टेंपर आणि टीव्हीचा संबंध काय, हे सासुरवाडीत विचारायची सोय नसते. जावयाला येत नाही असं काही असतं, हे तिथे कोणी मानत नाही. मी रिमोट हातात घेतला आणि रोज घेत असल्यासारखा चेहरा केला.

एक गोष्ट मात्र मला माझ्या धंद्यातून माहीत होती. गिऱ्हाईक दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत करतं, भिंतीला लावतं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतं, "भैया, ये वो वाला कलर नहीं है." रंग तोच असतो, उजेड बदललेला असतो. मला वाटलं, टीव्हीचंही असंच काहीतरी असेल. शोरूममध्ये ओळीने टीव्ही मांडलेले असतात, वर दिव्यांचा नुसता पाऊस. तिथे जो सगळ्यात भडक, तो आधी नजरेत भरतो. म्हणून तो तसाच भडक करून ठेवतात. घरी आणल्यावर तो उतरवायला हवा.

सेटिंगमध्ये शिरलो. चित्राचे प्रकार दिले होते. आत्ता होता तो 'व्हिव्हिड', म्हणजे भडक. खाली 'स्पोर्ट्स', 'नॅचरल' आणि 'सिनेमा'. सिनेमा बघायचा तर 'सिनेमा' लावावं, इतपत अक्कल मला होती. लावलं.

"अरे अरे!" सगळे एकदम ओरडले. चित्र पिवळट आणि मंद झालं होतं.

"कावीळ झाली याले," सासूबाई म्हणाल्या. "मंगाचं बरं होतं. निदान उजेड तं होता."

"दहा मिनिटं बघा, मामीजी," मी म्हणालो. "उन्हातून घरात आलं की आधी अंधारच दिसतो. मग डोळे बसतात."

हे मी अंदाजाने बोललो होतो, पण ते खरं निघालं. आम्ही सिनेमा थोडा मागे घेऊन बघत बसलो, आणि हळूहळू तो पिवळेपणा कुठे गेला ते कळलंच नाही. हिरोईनचा गुलाल उतरला. तिचा रंग चारचौघींसारखा गव्हाळ होता, आणि तीच आता जास्त सुंदर दिसत होती. सासरे खुर्चीत पुढे सरकले. "हा, आता धानाले युरिया बरोबर आहे," ते म्हणाले. माझी छाती फुगली.

आणि टीव्ही आपोआप पुन्हा भडकला. कोणी काही केलेलं नसताना गुलाल आला, तोरण आलं, सगळं आलं.

"काऊन बदलवलं जी?" बायकोने मला विचारलं.

"मी कुठे बदलवलं?"

मी परत 'सिनेमा' लावला. थोडा वेळ टीव्ही शहाण्यासारखा वागला आणि परत भडकला. तिसऱ्यांदाही तेच. आता घरातल्या सगळ्यांच्या नजरा टीव्हीवर कमी आणि माझ्यावर जास्त होत्या. साळा हळूच म्हणाला, "भाऊजी, रिमोट आखीन कोनाले देऊन पाहू का?" बायको माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हेयले घरी मिक्सर पन लावता नाई येत."

शेवटी साळ्याने गोंदियाच्या शोरूमला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडून एक बाई बोलत होत्या. साळ्याने हिंदीत सगळं गाऱ्हाणं सांगितलं: कलर सेट करतो, पाच मिनिटांत परत पहिल्यासारखा होतो, टीव्हीत खराबी आहे, बदलून द्या.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भैया, खराबी कुछ नहीं है. आपका टीवी अभी तक दुकान में ही है."

सासऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग टेबलाला हात लावून पाहिलं. "हा तं घरी आहे," ते म्हणाले. "मंग दुकानात कोनता आहे?"

बाईंनी समजावून सांगितलं. टीव्ही पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो, मी घरात आहे की दुकानात? कोणीतरी 'दुकान' दाबलं होतं. दुकानातल्या टीव्हीचे रंग येणारेजाणारे सारखे खालीवर करतात, म्हणून तो स्वतःच थोड्या थोड्या वेळाने मूळच्या भडक रंगावर येतो. त्याला 'घर' सांगा, मग तो तुमचं ऐकेल.

"कोनं दाबलं होतं दुकान?" सासऱ्यांनी विचारलं.

साळ्याने फोन कानाला लावला आणि बाईंचे आभार मानत मानत तो अंगणात निघून गेला.

मी 'घर' दाबलं. टीव्ही क्षणभर काळा झाला आणि परत आला. या वेळी मी सगळं नीट, एकेक करून केलं. चित्राचा प्रकार 'सिनेमा'. रंगाची ऊब 'वॉर्म'. मग चित्राला आणखी झळाळी देणारे, रेघा टोकदार करणारे, हालचाल गुळगुळीत करणारे असे किती तरी मदतनीस आत बसले होते, त्या सगळ्यांना रजा दिली. एक होता तो चित्रातले बारीक ठिपके पुसून काढणारा. जुन्या सिनेमाच्या रिळात मुळातच बारीक रवा असतो, आणि हा त्याला घाण समजून पुसत होता. पुसता पुसता तो माणसांचे नाकडोळेही पुसत होता. त्यालाही बंद केलं. माझ्या दुकानात नवा कारागीर असंच करतो: घासून घासून भिंत इतकी गुळगुळीत करतो, की ती भिंत आहे हे कळत नाही.

"लावा आता मेळा," सासरे म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

मेळा लागला. आकाशपाळणा वर आला आणि साळ्याने, जो आता गुपचूप परत येऊन दाराशी उभा होता, चित्र थांबवलं.

आता गर्दीत माणसं होती. एकाला देवीचे व्रण होते, एकाची मिशी एका बाजूने जास्त होती, एक म्हातारी कॅमेऱ्याकडेच रोखून बघत होती. भगवा फेटा भगवा होता, हळदी हळदी होता. आणि उजवीकडे, बैलगाडीच्या चाकाजवळ, या सगळ्यांत न मिसळणारा एक मातकट, मधासारखा रंग होता. कोस्याचा रंग. जंगलातल्या किड्याच्या रेशमाचा तो रंग दुसऱ्या कशालाच नसतो, आणि मघाशी तोच नारिंगीत बुडून गेला होता.

सदरा दिसला, पण आत कोण आहे ते पक्कं सांगता येईना. त्या माणसाने मान पलीकडे फिरवली होती. सासरे काही बोलायच्या आत सासूबाई मिरच्या बाजूला सारून उठल्या, पदराने हात पुसले आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

"हेच आहेत," त्या म्हणाल्या.

"कशावरून, आई?" बायकोने विचारलं.

"पाय पाय न त्याईचा."

त्या माणसाचा एक पाय जमिनीवर होता आणि दुसऱ्या पायाचा तळवा त्याने पहिल्याच्या पोटरीला टेकवला होता. बगळ्यासारखा. सासरे शेताच्या धुऱ्यावर मजुरांशी बोलताना असेच उभे राहतात, बँकेच्या रांगेत असेच उभे राहतात, आमच्या लग्नात आशीर्वादाच्या वेळी स्टेजवरसुद्धा असेच उभे होते. अल्बममध्ये आहे.

साळ्याने शिट्टी वाजवली. बायकोने टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या पोराकडे बघत राहिले. किती बारीक होते तेव्हा! सदरा दंडांवरून ओघळत होता.

पहिल्या बोलल्या त्या सासूबाई. "सारा मेळा पाळन्यातल्या बाईकडे पाहून रायला. तुमी एकटे तिकडं काय पाहून रायले?"

"तिकडं पुऱ्या तळून रायले होते," सासरे म्हणाले.

आम्ही पोट धरून हसलो. सासूबाईही हसल्या. आणि हसता हसताच त्यांचं लक्ष परत पडद्यावर गेलं. त्यांनी सदरा पाहिला, मग पायांतले जोडे पाहिले. ते करकरीत नवे होते, तेही आता स्वच्छ दिसत होतं. त्यांचं हसू थांबलं.

"आंगात कोसा, पायात नवे जोडे," त्या म्हणाल्या. "बहिनीच्या गावी कोनी असा जाते? कायले घातला होता कोसा?"

"बहिनीच्या घरचा, भाटव्याचा होता. घातला असाच."

"असाच?"

"हाव."

"कोस्याचा सदरा मानूस असाच नाई घालत. लग्नाले घालते, नाई तं…" त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी मनातल्या मनात पूर्ण केलेलं आम्हाला दिसलं. "पोरगी पाहाले गेले होते तुमी!"

मी रिमोटकडे बघायला लागलो. अशा वेळी जावयाने कुठे बघावं, हे कोणी शिकवलेलं नसतं. चित्र पुढे सरकवावं का, असंही मनात आलं. पण चोरीचा माल दाखवल्यासारखा तो मातकट सदरा तसाच पडद्यावर होता, आणि तो आता मला हलवता येत नव्हता.

सासऱ्यांनी एक मोठा श्वास घेतला. "गेलो होतो," ते म्हणाले. "बहिनीनं ठरवलं होतं. शेजारच्या गावची होती. सकाळी निघालो तं रस्त्यात हे शूटिंग. तो मानूस म्हने, कपडे चांगले आहेत तुमचे, इथं गाडीजवळ उभे राहा, आत्ता सोडतो. मी म्हटलं, एवढं उभं राहू आन् जाऊ. त्यानं सोडलंच नाई. संध्याकाळ झाली."

"मंग?"

"मंग गेलो न तिकडं. त्याईनं दारच नाई उघडलं. पोरीचा बाप आतूनच म्हने, तुमी आमचे पावने नाई."

"म्हंजे पोरगी पाहिलीच नाई?"

"नाई. दार पाहिलं."

सासूबाई हळूहळू चटईवर बसल्या. त्यांनी एक मिरची उचलली, देठ खुडलं, दुसरी उचलली. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली होती, आणि तिचा हा तुकडा आज पहिल्यांदा हाती लागला होता. त्याला कारण मी आणि माझं 'वॉर्म'.

"नशीबवान होती बापा ती," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "सुटली."

पहिल्यांदा हसले ते सासरे. ते असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि सासूबाईंनीच उठून पाणी दिलं. मग त्या त्यांच्या खुर्चीशेजारच्या तखतावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "जवाईबापू, लावा पुढं. या सिनेमापायी मी या घरात आली. पुढं काय होते, पाहू तं द्या."

तेव्हा कळलं की हा सिनेमा या घरात कोणीच शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. सासरे मेळ्यापर्यंत बघायचे आणि उठायचे. गोंदियाच्या थेटरातूनसुद्धा ते मित्राशी भांडायला बाहेर आले होते. म्हणून मग आम्ही तो सगळा बघितला. खरं सांगायचं तर गोष्ट रटाळ होती. हिरो विनाकारण तुरुंगात जातो, हिरोईनचा बाप विनाकारण बदलतो. पण संध्याकाळच्या दृश्यात उजेड संध्याकाळचा दिसत होता, कंदिलाजवळचे चेहरे कंदिलाजवळचेच दिसत होते, आणि हिरोईन रडली तेव्हा तिचे डोळे खरोखर लाल झालेले कळत होते. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि नंतर मिरचीचा हात लागला म्हणाल्या.

साळ्याने पडद्याचा फोटो काढून सासऱ्यांच्या फोनवर टाकला. दुसऱ्या दिवशी गावात मंडई होती. पाव्हणे येत होते, आणि प्रत्येकाला फोन दाखवला जात होता. पण मी बघितलं, सासरे नुसते फोन धरून उभे असत, तेही एका पायावर, आणि गोष्ट सासूबाई सांगत. पूर्वी ती "शूटिंग आलं होतं" इथून सुरू व्हायची. आता ती "हे पोरगी पाहाले चालले होते" इथून सुरू होते, आणि लोक जागचे हलत नाहीत.

दुपारपर्यंत त्या गोष्टीत बरीच भर पडली होती. एका चुलत सासूबाईंना त्या सांगत होत्या, "आन् त्या पोरीले सैपाकाचं काईच येत नव्हतं."

सासऱ्यांनी फोन खाली घेतला. "अवो, मी तिले पाहिलीच नाई. तुले कसं माईत?"

"दिवसभर उभं राहून आलेल्या पावन्याले दार नाई उघडलं," सासूबाई म्हणाल्या. "सैपाक येत असता तं उघडलं असतं."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. मग मान डोलावली आणि फोन परत वर धरला.